राखण चुकली, असं मी सांगितलं

ज्याने माणसाच्या मनाचा अभ्यास केला आहे, त्याला स्वतःशी खोटं बोलता येत नाही — हे वाक्य माझं आहे. रत्नागिरीतल्या एका सभागृहात, एप्रिलच्या उकाड्यात, मी ते म्हटलं आणि टाळ्या पडल्या. पंखे इतके मोठ्याने चालले होते की मागच्या रांगांना ते ऐकूही गेलं नसावं. टाळ्या मात्र तिथूनही आल्या.

पुढे जे लिहिते आहे ते माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही. आई गेली, तिलाही कळलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कुणी नाही — आणि शेवटपर्यंत ऐकलंत तर कदाचित आहातही. पण एक आधीच स्पष्ट करते. मला मोकळं वगैरे व्हायचं नाही. मन मोकळं करण्याच्या फायद्यांवर मी स्वतः पुष्कळ बोललेली आहे.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. नव्व्याण्णव सालच्या सुमारास जिल्ह्यात कुठेही व्याख्यानमाला असली की एक दिवस माझा असायचा. विषय ठरलेला — मनोविकारांचे मुख्य प्रकार. मी फळ्यावर चौकटी आखायचे. पहिलीत चिंतेचे विकार : धास्ती, अकारण भीती, सारखे हात धुणं, कडी लावली की नाही ते बघायला एसटी स्टँडवरून परत येणं. दुसरीत मनःस्थितीचे : महिनोन्‌महिने उतरलेलं मन, नाहीतर एकदम चढलेलं. तिसरीत स्किझोफ्रेनिया : नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेले शत्रू दिसणं. मग व्यक्तिमत्त्वाचे विकार, मग व्यसनं. लोकांना हे फार आवडायचं. आंबा पेटीत भरण्याआधी आकाराप्रमाणे वेगळा करतात, तसा जो तो घरी जाऊन आपापले नातेवाईक वेगळे करून ठेवायचा. चहाच्या वेळी बायका मला बाजूला घेऊन नणंदेची लक्षणं सांगत. स्वतःची कुणी सांगितली नाहीत.

तिसऱ्या चौकटीशी मात्र हसू थांबायचं. आमच्या शहरात मनोरुग्णालय आहे. बाकीच्या कोकणात भांडण झालं की 'तुला रत्नागिरीला पोचवायला हवा' असं म्हणतात. आम्ही आधीच रत्नागिरीत असल्यामुळे आम्हाला ती सोय नाही.

माझा धाकटा भाऊ विनायक — विनू — आमची बाग सांभाळायचा. भाट्याचा पूल ओलांडून पुढे गेलं की आमचं गाव. हापूसची कलमं, दगडी गडगा, आणि गडग्याच्या कोपऱ्यात एक जुनं रायवळ आंब्याचं झाड. वडील गेले त्याच्या पुढच्या हंगामात विनूला त्या झाडाखालून हाक ऐकू यायला लागली. 'विनायक' अशी, पूर्ण नावाने. आमच्या घरात त्याला पूर्ण नावाने कुणीच हाक मारत नाही. मग हाकेचं बोलणं झालं. तो काय करतो आहे ते कुणीतरी त्याला सांगत राहायचं — आता आंबे उतरवायचा झेला उचललास, आता खाली ठेवलास, आता घाबरलास.

आईने निदान लगेच केलं. कोकणात प्रत्येक जमिनीला राखणदार असतो, आणि त्याला वर्षाला नारळ द्यायचा असतो. त्यालाच राखण म्हणतात. वडिलांच्या सुतकात त्या वर्षीची राखण राहून गेली होती.

"अगो, त्याचा नारळ चुकला," आई म्हणाली. "तो हाक मारणारच."

विनूला काय झालं आहे हे मला कळलं होतं का? हो. पहिल्याच दिवशी. माझ्याकडून कुणी अज्ञानाची सबब घेऊन जाऊ नये म्हणून हे सांगते. विनूने झेल्याचं सांगितलं तेव्हाच मला ती चौकट दिसली — माझ्याच अक्षरातली.

पण त्याच महिन्यात आमच्या मंजूचं लग्न ठरलं होतं. मंजू आमच्यात सर्वांत धाकटी. स्थळ रत्नागिरीतलं, मुलगा इंजिनिअर. त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना हेडसर म्हणत. मूळचे केळशीचे, आणि अंधश्रद्धेच्या विरोधात बोलायला उभे राहिले की घड्याळ न बघणारे. विनूबद्दल काहीतरी त्यांच्या कानावर गेलं. ते माझ्या घरी आले, चहा घेतला, साखर कमी असल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, "मॅडम, तुम्ही या विषयातल्या. तुमच्या भावाला नक्की काय आहे?"

आणि मी — फळ्यावर चौकटी आखणारी मी — म्हणाले, "काही नाही हो सर. बागेची राखण चुकली."

तुम्हाला वाटेल ते भडकले असतील. ते सुटल्यासारखे हसले. राखण चुकली म्हणजे दोष जमिनीचा. रक्ताचा नाही. जमिनीचा दोष नारळाने फिटतो. रक्ताचा पुढच्या पिढीत उतरतो, निदान असं सगळ्या सुशिक्षित माणसांना वाटतं. "मग करून टाका," ते म्हणाले. "उगाच कशाला ठेवायचं." आयुष्यभर भुताखेतांविरुद्ध लढलेल्या माणसाने एका राखणदाराला इतक्या पटकन मान्यता दिलेली मी पाहिली नव्हती.

इथवर तुम्ही मला माफ केलं असेल. बहिणीचं लग्न, छोटं शहर, लोक काय म्हणतील — करतातच माणसं असं. माफ करू नका. हे मी मुद्दाम आधी सांगितलं, कारण हे सांगायला सोपं आहे. हे आमच्याकडच्या चहाबरोबर खपतं.

खरं जे आहे ते वेगळं आहे.

सुरुवातीला ज्या व्याख्यानाचं सांगितलं — टाळ्यांचं — ते लग्नाच्या थोडंच आधीचं. विनू त्या दिवशी पेट्या घेऊन शहरात आला होता. पेट्या ट्रकवर चढवून तो सभागृहात येऊन शेवटच्या रांगेत बसला. शर्टाला पेंढा चिकटलेला. मी त्याला पाहिलं तेव्हा दुसरी चौकट चालू होती. तिथेच थांबता आलं असतं. पण थांबले असते तर लोकांच्या लक्षात आलं असतं ना? म्हणून तिसरी आखली. आणि नेहमीपेक्षा नीट समजावली. आवाज कसे येतात, ते माणसाला किती खरे वाटतात, औषधांनी किती फरक पडतो, आणि लवकर सुरू केली तर किती जास्त. हे सगळं मी त्याच्याकडे न बघता सांगितलं.

व्याख्यान संपल्यावर तो माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. गेले कित्येक आठवडे मी त्याला इतकं शांत पाहिलं नव्हतं. फाटकाशी थांबून म्हणाला, "ताई, म्हणजे याला नाव आहे. माझं तेच आहे ना? तिसरं?"

त्याला भीती नव्हती वाटत. हे लक्षात घ्या. त्याला बरं वाटत होतं. झाडाखालच्या त्या माणसापेक्षा फळ्यावरचा शब्द बरा — कुणालाही तसंच वाटेल. तो म्हणाला, मंजूचं कार्य आटोपलं की नेशील का मला डॉक्टरकडे? आवाज न करता जाऊ. रिक्षाने.

आणि मी नाही म्हणाले. 'नेत नाही' असं नाही — तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "छे रे. तुझं ते नाही. ते वेगळं असतं. तुझी राखण चुकलीय, आई म्हणते ते बरोबर आहे."

का म्हणाले? रिक्षा ज्या स्टँडवरून करावी लागली असती तो हेडसरांच्या दारासमोर होता, म्हणून. इतकंच कारण. याच्या खाली आणखी एखादं खोल, गुंतागुंतीचं कारण असेल म्हणून मी बरंच शोधलं आहे, आणि शोधण्याचं मला शिक्षण आहे. नाही सापडलं.

त्याने शर्टाचा पेंढा झटकला. मग म्हणाला, "तुला माहीत असणार." आणि शेवटच्या बसने गावी गेला.

लग्न चांगलं झालं. विनूने वाढपाचं काम केलं, हसत केलं. पाव्हण्यांत एकालाही काही दिसलं नाही. मग पाऊस लागला आणि गुरव बोलावून राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. 'होय महाराजा' म्हणणाऱ्यांत मीही होते. माझा आवाज चांगला लागतो.

आता माझ्या शब्दाला बाकीच्यांच्या शब्दापेक्षा वजन होतं. मी एम.ए. होते. विनूने राखणदार मानला तो आईच्या नाही, माझ्या सांगण्यावरून. आणि एकदा मानल्यावर त्याने तो प्रामाणिकपणे मानला. प्रत्येक कलमाच्या बुंध्याशी नारळ ठेवायला लागला. गड्यांना बागेत बोलू देईना, कारण त्याला उत्तर नीट ऐकू यायचं नाही. आंघोळ सुटली. फवारणी राहिली, मोहर गळला. मी महिन्यातून एकदा जायचे, त्याचे केस कापून घ्यायचे आणि परत यायचे. पहिलं वर्ष मंजू सासरी नवी होती म्हणून गेलं. दुसरं तिला दिवस गेले होते म्हणून. कारणांचं असंच असतं, एकाला दुसरं फुटतं.

शेवटी एका सकाळी तो भाट्याच्या पुलावर कठड्याला धरून उभा राहिला. त्याला शहरात जा म्हणून सांगितलं होतं, आणि पूल ओलांडलास तर बघ असंही सांगितलं होतं. दोन्ही एकाच आवाजाने. तो हलेना. दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. हॉर्न वाजले, लोक उतरून बघायला लागले. जे टाळण्यासाठी हे सगळं केलं होतं, ते भर पुलावर झालं. एका रिक्षावाल्याने त्याला हाताला धरून बसवलं आणि माझ्या दारात आणलं. हेडसरांच्या समोरच्याच स्टँडवरचा. "मॅडम, आता न्या त्याला," म्हणाला. "आम्हाला काय, दोन वर्षं ठाऊक आहे."

आता शेवटचं. इथपर्यंतचं कदाचित मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं.

ज्या डॉक्टरांकडे नेलं ते तरुण होते. त्यांची बायको माझी विद्यार्थिनी, त्यामुळे ते मला ओळखत होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मॅडम म्हणाले. मग विनूला विचारलं, इतके दिवस का थांबलात? विनू तेव्हा फारसं नीट बोलत नव्हता. वाक्यं अर्धी सोडायचा, मध्येच दुसऱ्याच कुणाला उत्तर द्यायचा. पण हे वाक्य त्याने पूर्ण केलं. "मी विचारलं होतं. ताई म्हणाली, तुझं ते नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत संशय नव्हता — सहानुभूती होती, एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराला द्यावी तशी. हळू आवाजात म्हणाले, "घरच्यांबद्दल वाटतं असं यांना, मॅडम. आजाराचाच भाग."

मी मान हलवली.

हेच ते. त्या दिवशी त्या खोलीत माझा भाऊ एकच गोष्ट खरी बोलला, आणि मी ती तिसऱ्या चौकटीत टाकली. विनूने माझी मान हललेली पाहिली. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. तेव्हाही नाही, औषधांनी बरा झाल्यावरही नाही. फाटकाशी झालेलं ते बोलणं त्याला खरंच भास वाटलं की काय? की ठाऊक आहे आणि गप्प आहे? मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

मी पुष्कळदा त्या सगळ्या चौकटींत स्वतःला बसवून पाहिलं. बसत नाही. भित्रेपणाला तिथे जागाच नाही. तो विकार नाही, तो धडधाकट माणसांचा असतो आणि त्यावर गोळी नाही. समाजाचं दडपण होतं असं म्हणून मला हात देऊ नका — मान माझी होती, समाजाने हलवली नाही. आणि पश्चात्तापाने शिकवणं सोडलं असंही नाही. सोडलं असतं तर ही गोष्ट जरा शोभून दिसली असती. मी अजून शिकवते, आणि चांगलं शिकवते.

विनू बाग बघतो. गोळ्या वेळेवर घेतो. आवाज कधीतरी येतो, पण आता तो त्याला 'नंतर ये' म्हणतो. हंगामात त्याच्या पेट्या सगळ्यांत आधी निघतात. राखणही देतो, न चुकता. दोन्ही चालू राहू दे, ताई, म्हणतो.

काही वर्षांनी हेडसरांनी 'मनोविकार आणि अंधश्रद्धा' या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. अध्यक्षस्थानी ते स्वतः होते. राखणदार, देवचार असल्या कल्पनांनी किती संसार उद्ध्वस्त झाले यावर ते कळवळून बोलले, आणि आमच्यासारख्या घरांनी पुढाकार घेतला पाहिजे असं म्हणाले. विनू शेवटच्या रांगेत होता. टाळ्या पडल्या. शेवटी हेडसरांच्या हस्ते माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. शाल लोकरीची होती, रत्नागिरीत ती वापरायचा प्रसंग येत नाही. नारळ विनू गावी घेऊन गेला. त्या वर्षीची राखण त्याचीच दिली.