शेवाळाची जाळी

भंडाऱ्यात घरात समुद्र ठेवणारा दुसरा माणूस निदान माझ्या ओळखीत तरी नव्हता. समुद्र म्हणजे काचेची चार फुटी टाकी, तिच्यात खारं पाणी, भोकाभोकांचे दगड, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी आणि एका दगडाला चिकटलेलं तळहाताएवढं मऊ प्रवाळ. दिवा लागला की ते छत्रीसारखं उघडायचं. खरा समुद्र मी तेव्हा पाहिलेला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही.

माझा धंदा पितळी भांड्यांचा. सुरुवात मोहाडीच्या आठवडी बाजारात पाल टाकून केली. लाखांदूरला जाताना गुंडांची, म्हणजे पाण्याच्या पितळी भांड्यांची गोणी एसटीच्या टपावर बांधायची आणि स्वतः आत उभ्याने जायचं. बायका जुनी फुटकी भांडी, म्हणजे मोड आणायच्या आणि बदल्यात नवं मागायच्या. घासाघीस मी तिथे शिकलो. सौदा जमत नसला की रागाने उठून चार पावलं चालायचं. पाचव्या पावलाला समोरचा हाक मारतोच. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास माझं स्वतःचं दुकान उभं राहिलं. वडिलांनी दिलेलं त्यात काही नव्हतं, म्हणून माझ्या वस्तूला कोणी नाव ठेवलं तर मला ते मलाच ठेवल्यासारखं लागतं. हे सांगतो आहे ते त्यानंतर पंधराएक वर्षांनी घडलं, हातात मोबाइल आणि त्यात फुकटचे व्हिडिओ आल्यावर.

नागपूरला एका लग्नघरी भांडी पोचवायला गेलो असताना शेजारच्या दुकानात मी पहिल्यांदा खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली. अर्धा तास उभा राहिलो. महिन्याभरात तसलीच टाकी माझ्या बैठकीत आली. दुकानदार माझ्याच वयाचा, गोड बोलणारा, आणि असले जीव विकणारा मला माहीत असलेला तो एकटाच. मासे छान राहिले. पण काच साफ ठेवायला त्याने दिलेल्या शंखाच्या गोगलगाई चार दिवसांत उलट्या पडल्या. लाल पट्ट्यांचा झिंगा आठवडाभर टिकला. पुन्हा आणले, पुन्हा मेले. प्रवाळ रोज थोडं कमी उघडू लागलं. तिसऱ्या वेळी मी सरळ नागपूर गाठलं.

"तुम्ही मला आजारी माल दिला," मी म्हणालो.

"आजारी असता तर इथेच मेला असता न भाऊ. हे पाहा, त्याच टाकीतले बाकीचे मस्त फिरून राहिले."

"मग माझ्याकडेच काहून मरतात?"

"तुमचं पाणी खराब आहे. ते फेस काढणारं मशीन घ्या, किती दिवसांपासून सांगून राहिलो. नाही तर नाद सोडा." मग तो बाजूच्या दोन गिऱ्हाइकांकडे वळला. "भांडीवाल्याले वाटते, जीव बी भांडंच आहे. घासलं की झालं!"

ती दोघं हसली. मी उठलो. चार पावलं चाललो. त्याने हाक मारली नाही.

दारातून मीच वळलो. "तुझ्या मशीनशिवाय, नुसत्या शेवाळावर पाणी साफ करून दाखवतो. दिवाळीपर्यंत माझ्याकडे गोगलगाय जगली नाही, तर टाकी माशांसकट तुझ्या दुकानात आणून ठेवतो. फुकट."

"गाडी तुमचीच आणा मग," तो म्हणाला.

शेवाळाचं मी रागात बोललो असलो तरी उगाच बोललो नव्हतो. एका व्हिडिओत पाहिलं होतं. माशांची घाण पाण्यात विरघळते आणि तीच शेवाळाचं खत होते. ते टाकीत वाढलं तर काच आणि दगड हिरवे करतं. पण त्याला टाकीबाहेर वेगळी जागा दिली, भरपूर उजेड दिला आणि वरून पाण्याची धार सोडली, तर ते तिथेच वाढतं. आठवड्याला ते खरवडून फेकायचं. त्याच्याबरोबर घाणही बाहेर जाते. मशीन लागत नाही.

मी प्लास्टिकची बारीक जाळी आणली. गुळगुळीत जाळीवर शेवाळ धरत नाही, म्हणून दुकानातल्या कानशीने तिचा धागा न् धागा खरबरीत केला. वर भोकं पाडलेली नळी, बाजूला लाल-जांभळा दिवा, खाली पाणी परत टाकीत जायला पन्हाळ. पहिले पंधरा दिवस नुसता तपकिरी बुळबुळीतपणा. मग एका सकाळी हिरवी लव दिसली.

पहिल्यांदा खरवडताना मी जाळी पार चकचकीत केली. हाताला सवयच तशी. शिवाय नळाखाली धुऊन, उजेडात धरून कुठे डाग राहिला का तेही पाहिलं. पुढचे दोन आठवडे काहीच उगवलं नाही.

बायको दारात उभी राहून बघत होती. तिचं माहेर तलावाच्या काठचं.

"काहो, मुळासकट उपटलं, आता उगवन कुठून? अर्धं राहू द्या न."

"तुला काय समजते याच्यात?"

"मले शेवाळ समजते. तुम्हाले पितळ समजते."

त्यानंतर मी एका आठवड्याला जाळीची डावी बाजू खरवडायचो, दुसऱ्या आठवड्याला उजवी, तीही मुळं राखून. दोन महिन्यांत जाळीवर बोटभर जाड गालिचा झाला. पाणी असं निवळलं की टाकी रिकामी वाटावी. पाणी तपासायच्या बाटलीत औषधाचे थेंब टाकले की पूर्वी पाणी लाल व्हायचं, ते आता पिवळंच राहू लागलं. म्हणजे घाण उरली नव्हती. मी मनातल्या मनात नागपूरच्या त्या दुकानात पुन्हा पुन्हा जात होतो आणि त्या दोन गिऱ्हाइकांसमोर ती बाटली धरत होतो.

मग एका ओळखीच्याला नागपूरला पाठवून, माझं नाव न सांगता, चार गोगलगाई मागवल्या. पाचव्या दिवशी चारही मेल्या.

मला दुःख झालं नाही, उलट बरंच वाटलं. पाणी साफ होतं, मशीन नव्हतं, तरी त्या मेल्या. म्हणजे माल आजारी होता हे सिद्ध झालं. मेलेल्या गोगलगाई डबीत घातल्या, तपासणीची बाटली रुमालात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी नागपूर. त्याआधी आठवड्याचं पाणी बदलायचं म्हणून बायकोला म्हटलं, गंगाळ आण.

इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे प्लास्टिकची बादली नव्हती. मी येऊच दिली नव्हती. पितळ विकणाऱ्याच्या न्हाणीघरात प्लास्टिक दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? पाणी भरायला गुंड, आंघोळीला गंगाळ. टाकीचं खारं पाणीसुद्धा मी त्याच मोठ्या गंगाळात कालवायचो. मिठाचं पाकीट ओतायचं, छोटा पंप सोडायचा आणि दिवसभर ते फिरू द्यायचं.

बायकोने गंगाळ उचललं आणि थांबली. आत वाकून पाहिलं.

"हे घासलं कोणी?"

"तूच घासलं असशील."

"मी बाहेरून घासतो. आतून कायले घासू, तुमचं मीठ असते त्याच्यात." तिने आत बोट फिरवलं. "पाहा न, चिंच लावल्यासारखं पिवळंधम्मक दिसते. अन् काठाले हिरवं."

मी पाहिलं. पाण्याच्या रेषेपर्यंत पितळ नव्यासारखं लखलखत होतं आणि रेषेवर हिरवट किनार होती.

पंचवीस वर्षं मी बायकांना सांगत आलो होतो की कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवू नका, आमटी ठेवू नका, कळकेल, विष होईल. आंबट आणि खारट पितळ खातं हे मला झोपेत विचारलं तरी मी सांगितलं असतं. आंघोळीच्या गंगाळाला कल्हई कोण करतं? वर्षभर दर आठवड्याला मी त्या जिवांना कळकलेलं पाणी पाजत होतो. मासे दणकट, ते सोसत होते. गोगलगाय आणि झिंगा यांना पितळेतून उतरणाऱ्या तांब्याचा अंशही चालत नाही, हे त्या दिवशी मोबाइलवर वाचलं. कोणी लपवलेलं नव्हतं. मी कधी शोधलंच नव्हतं.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता काय. बादली आणतो."

मोठी निळी प्लास्टिकची बादली मी भर बाजारातून खांद्यावर घेऊन आलो. समोरच्या हार्डवेअरवाल्याने हाक मारलीच. "काय शेठ, पितळ संपलं काय?" मी बादली दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालत राहिलो. तेवढं एकच न बोलणं मला त्या वर्षात जमलं.

तांबं तपासायचं औषध नागपूरलाच मिळणार होतं आणि त्याच्याकडेच. डबी घरी ठेवली आणि गेलो. दुकानात तो एकटाच होता.

"टाकी आणली काय?" त्याने पहिलंच विचारलं.

"तांबं तपासायचं औषध पाहिजे."

"तांबं?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं सांगायला माझ्याकडे तीन कारणं तयार होती, तिन्ही चांगली होती. पण काउंटरमागे गोगलगाई काचेवर फिरत होत्या, आणि बोलताना माझी नजर तिकडेच जात होती.

"मीठ पितळेच्या गंगाळात कालवत होतो," मी म्हणालो. "वर्षभर."

तो हसेल म्हणून मी तयारीत होतो. तो हसला नाही. "बापा," एवढंच म्हणाला. मग, "मी कधी विचारलंच नाही, कशात कालवता म्हणून."

"विचारायला पाहिजे होतं."

"हो. पाहिजे होतं."

मला वाटलं, आता ते दुसरंही निपटून टाकावं. "आणि ते जीव बी भांडंच आहे म्हणालात, लोकांसमोर, ते परत घ्या."

"मी म्हणालो?"

सहा महिने मी ते वाक्य रोज चघळत होतो, आणि त्याला ते आठवत नव्हतं. मी पुन्हा म्हणून दाखवलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "असेल. माझं तोंड खराब आहे. घेतलं परत." इतक्या सहज परत मिळालेल्या गोष्टीचं काय करायचं ते मला कळेना. मी औषधाच्या भावावर घसरलो. त्याने एक पैसा कमी केला नाही.

निघताना तोच म्हणाला, "ती शेवाळाची जाळी काढू नका. शेवाळ तांबं बी ओढते. दगडात मुरलेलं तांबं हळूहळू सुटत राहीन, ते तिच्यावर चढन. खरवडत राहा, फेकत राहा. मशीननं हे नसतं झालं."

मशीन विकणाऱ्याने स्वतः हे सांगितलं. मी ते ऐकून घेतलं आणि औषध खिशात घातलं.

पहिल्या तपासणीत बाटलीतलं पाणी चांगलंच निळं झालं, म्हणजे तांबं होतंच. मी प्लास्टिकच्या बादलीत मीठ कालवू लागलो, आठवड्याला दोनदा पाणी बदललं, जाळी एकाआड एक बाजूने खरवडली. शेवाळ सुरुवातीला फिकट पडलं. वाटलं, तेही जाणार. मग पावसाळ्याच्या मध्यावर ते पुन्हा गडद झालं. दर आठवड्याला निळा रंग उतरत होता, इतका सावकाश की मी आणि बायको दोन बाटल्या शेजारी धरून वाद घालायचो. तिला कमी दिसायचा, मला तेवढाच. प्रवाळ ऑगस्टभर मिटलेलंच होतं. एका दुपारी त्याची एक कड उघडलेली दिसली. मी कोणाला सांगितलं नाही. बोललो तर मिटेल असं वाटलं.

दसऱ्यानंतर बाटलीतलं पाणी बिनरंगाचं राहिलं. मी स्वतः जाऊन एकच गोगलगाय आणली. एकच काहून, असं त्याने विचारलं नाही.

पहिल्या दिवशी ती दगडामागे गेली ती दिसलीच नाही. पाचव्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं. ती काचेच्या खालच्या कोपऱ्यात होती, आणि तिच्या मागे हिरवट काचेवर बोटभर रुंदीची स्वच्छ वाट उमटली होती. दहाव्या दिवशी वाटा एकमेकींना छेदू लागल्या. बायको रोज सकाळी चहाच्या आधी येऊन पाहायची आणि म्हणायची, "आहे."

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. गाडी कधी आणता, असं विचारेल म्हणून मी तयारीत होतो.

"जगली?"

"जगली."

"बरं झालं." मग म्हणाला, "माझ्या एका टाकीत लई घाण होऊन राहिली. तुमच्या जाळीवरचं थोडं शेवाळ भेटन काय?"

माझ्याकडे त्याने कधी काही मागितलं नव्हतं. मी गोगलगाईकडे पाहिलं. ती उलट्या दिशेने निघाली होती.

"भेटेल," मी म्हणालो. "पण न्यायला तुम्ही भंडाऱ्याला या."