कोकिळाकाकूला सोसलं का?

वरवट बकालमध्ये नवीन काही आलं की आधी एकच प्रश्न विचारला जातो : कोकिळाकाकूला सोसलं का? क्रीम असो, साबण असो, पाकिटातली बासुंदी असो, की कुठल्याशा अनोळखी कंपनीचं तेल असो, ते आधी काकूच्या अंगाला नाहीतर पोटाला लागतं. मग गाव एक-दोन दिवस थांबतं. काकूला पुरळ आलं नाही, मळमळलं नाही, की बायका बिनधास्त खरेदीला निघतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही, आणि या कामाबद्दल काकूला आजवर कुणी घोटभर चहाही पाजलेला नाही. माझं डोकं फिरतं ते त्यामुळे.

मी सुचिता, त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं आणि जे येत नाही ते मी जाऊन विचारते. सासूबाई सांगतात, काकू लग्न होऊन आली त्याच वर्षी घरातल्या एका बारशाला बासुंदी बाधली. अख्खी पंगत आडवी झाली. सगळ्यांत जास्त खाल्लेली नवी सून मात्र अंगणात बसून भांडी घासत होती. सासरच्या लोकांना तिचं खरं तर कौतुक वाटायला हवं होतं. त्यांना ती उपयोगी वाटली. पुढे भाऊबंदांना वाटली, मग आळीला, मग गावाला.

उपसरपंच उकंडरावांच्या बायकोला केस काळे करायचे होते, तेव्हा काकूच्या डोक्याची डावी बाजू काळी झाली. उजवी करायची राहूनच गेली, कारण परीक्षा तेवढ्यात आटोपली होती. काकू कितीतरी महिने तशीच फिरली. बसस्टँडवरची परकी माणसं तिला डावीकडून वहिनी म्हणत आणि उजवीकडून आजी. काकूने कधी तक्रार केली नाही. उलट तिला त्याचा अभिमानच होता. "मले सारं सोसते बाप्पा," असं ती सांगायची, आणि सांगताना ताठ बसायची. गावात कुणाचं शेत मोठं, कुणाचा पोरगा मोठा. काकूचं हेच मोठं होतं.

निवृत्तीकाका, म्हणजे तिचे मिस्टर, या सगळ्यापासून लांब. हा माणूस एवढं कमी बोलतो की बैलसुद्धा त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर चालतात. बायकोच्या चेहऱ्यावर हिरवा लेप असो की निळा, ते समोर बसून भाकर खातात, ताट सरकवतात आणि शेतात जातात.

तर यंदा दोन जपानी गोष्टी एकदमच आल्या. पहिली आली रुपालीकडे. तिचं बसस्टँडजवळ ब्युटी पार्लर आहे. तिने जपानी पद्धतीचे कागदी मुखवटे आणले, तांदळाच्या पाण्यात भिजवलेले, आणि त्यावरून लावायचं एक मलम. लग्नसराईसाठी तिला अख्खं खोकं मागवायचं होतं. पण गावातल्या नवऱ्यामुलींच्या आयांनी आधीच बजावलं होतं : काकूला सोसलं तरच.

दुसरी गोष्ट संघपालची. हा आमच्याच गावचा. पुण्यात एका जपानी हॉटेलात बरीच वर्षं स्वयंपाक केला, आणि आता मलकापूरला हायवेवरच्या एका बंद ढाब्यात त्याने स्वतःचं जपानी हॉटेल काढलं होतं. गिऱ्हाईक काही फिरकत नव्हतं. आमच्या बचत गटाच्या बायका सहलीला तिथे जेवायला यायला तयार होत्या. आमचा गट गेला की आजूबाजूच्या गावांचे गट आपोआप जातात, हे संघपालला ठाऊक होतं. पण अट तीच. तो बिचारा मोटारसायकलवर घरी आला आणि काकूसमोर हात जोडून उभा राहिला.

"काकू, एकडाव येऊन जेवून जा. तुमाले सोसलं का माहं हॉटेल चाललं समजा."

"येतो नं बाप्पा," काकू म्हणाली. "पन आता तोंडावर रुपालीचं चालू हाय. दोन्ही संगच होऊन जाऊ दे."

ही चूक. एका चेहऱ्यावर दोन परीक्षा. पण गावात कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

आठवडाभर काकू रोज दुपारी तो ओला पांढरा कागद तोंडाला चिकटवून ओसरीवर तूर निवडत बसायची. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक. पहिल्या दिवशी वासरू दावं तोडून पळालं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन टपाल फाटकात ठेवून गेला. तिसऱ्या दिवसापासून सगळे सरावले. निवृत्तीकाका नेहमीप्रमाणे समोर बसून जेवायचे. फक्त त्या आठवड्यात त्यांचं जेवण जरा लांबायला लागलं होतं. मला वाटलं, दात दुखत असतील.

खरं सांगते, काकूचा चेहरा उजळला होता. गोरा नाही झाला. पण कोवळ्या उन्हात शेत दिसतं ना, तसं काहीतरी झालं होतं.

मलकापूरला सोबत म्हणून मी गेले. नांदुऱ्याला गाडी बदलून आम्ही भर दुपारी पोचलो. संघपालने खाटा काढून तिथे बुटकी मेजं ठेवली होती. चपला बाहेर काढायच्या, खाली मांडी घालून बसायचं. काकू आनंदली. "पंगतच तं हाय! उगीच भेव घालून ठेवलं होतं मले." मग संघपालने गरम ओल्या रुमालाची गुंडाळी पुढे केली. काकूने हात पुसले आणि तोंड मात्र मागे घेतलं. मलम पुसलं गेलं असतं तर रुपालीशी बेइमानी झाली असती.

भात आला तो चिकट गोळे होऊन. काकूने संघपालकडे मायेने बघितलं. "पानी जास्त झालं काय रे? होते असं. नवा तांदूळ असला म्हंजे अंदाज चुकते." जपानी भात मुद्दाम तसाच करतात, पण संघपालने मान डोलावली आणि पुढचं ताट आणायला गेला. मग भातावर ठेवलेला कच्चा मासा आला. हा मुंबईहून बर्फात, रेल्वेने आलेला. वान नदीचे मासे आम्ही खातो, पण चुलीवरून उतरवलेले. माझ्या घशाखाली काही तो जाईना. काकू मात्र काम समजून खात होती. दर घासाला डोळे मिटायची, पोटाकडे लक्ष द्यायची, आणि मान हलवायची. दारात उभा संघपाल त्या मानेकडे बघून श्वास सोडायचा.

निघताना हात धुवायच्या आरशासमोर काकू थबकली. बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "सुचिते, कशी दिसून राह्यली वं मी?"

मी जवळ जाऊन नीट तपासलं. "एकदम साफ काकू. एक पुरळ नाही."

"हाव," ती म्हणाली आणि पदर सारखा करून बाहेर पडली.

उन्हं उतरायच्या आत आम्ही घरी होतो. काकू एवढी दमली होती की ओसरीवर चटईवर पडली आणि तशीच घोरायला लागली. निवृत्तीकाका शेजारी लाकडी पेटीवर बसले होते. मी भिंतीवरून सांगितलं, "सगळं सोसलं काका," आणि माझ्या कामाला लागले.

सकाळी काकू उठली ती वेगळीच बाई होऊन. एक डोळा बंद. ओठ वर उचललेले. गालावर फोड, आणि कानामागे तर नुसती आग. आरशात बघून ती किंचाळली नाही. खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "नाई सोसलं." मला फोडांपेक्षा तिच्या त्या आवाजाची भीती वाटली. तिच्याकडे जे एकच मोठं होतं ते गेलं होतं.

डॉक्टरकडे जायचं सोडून बाई हटून बसली की आधी कारण कळलं पाहिजे. तोवर बातमी पसरली. रुपाली धावत आली आणि म्हणाली, कच्चा मासा. संघपाल कालचा उरलेला मासा बर्फाच्या डब्यात घेऊन मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, मलम. दोघेही रडकुंडीला आले होते. माझ्या सासूबाईंनी जवळ वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तं बिबा उतल्यावानी दिसून राह्यलं." बिब्याचं काळं तेल कातडीला लागलं की अंग असंच फुलतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पण उकंडरावांनी त्यांना उडवून लावलं. "बिबा कुठून आनता माय? जपानात बिबा राह्यते काय?" निवृत्तीकाकांना तेव्हाच जोरात खोकला आला आणि ते गोठ्यात निघून गेले. थोड्या वेळाने वाटलेले तीळ आणि खोबरं वाटीत घेऊन आले, काकूपाशी ठेवले आणि पुन्हा गोठ्यात गेले. बिब्यावरचा हा उतारा आहे, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. मला वाटलं, माणूस घाबरून चटणी करून आणतोय. काकूने मात्र हाती आलं ते सवयीने तोंडाला फासलं.

दुपारी मारुतीच्या पारावर सभा भरली. हो, सभा. एका बाईच्या सुजलेल्या तोंडावर. उकंडरावांनी हात वर करून मतदान घेतलं, मासा की मलम. मतं निम्मी निम्मी पडली. त्यावर त्यांनी तोडगा काढला की डावा गाल मलमाला द्यावा आणि उजवा माशाला. कुणी विचारलं, नाक कोणाचं? त्यावर खरोखर चर्चा झाली. मी ओरडले, "अरे, तिला दवाखान्यात न्या आधी!" मला सांगण्यात आलं की मुद्दा तो नाही.

शेवटी काकूच उठली. पारावरचा गलका थांबला.

"दोघाइचं पोट हाय त्याच्यावर," ती म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते. "संघपालनं मासा आनला हाय थो द्या इकडं. थे मलमबी आन रुपाली. मी आत्ताच सारं पुन्हा करतो. ज्याचं असन त्याचं निघून येईन."

रुपालीने डबी दिली. काकूने दोन बोटं भरून मलम घेतलं आणि फुटलेल्या फोडांकडे हात नेला. तिला हाताला धरावं म्हणून मी उठले, पण माझ्याआधी दुसऱ्याच कुणीतरी तिचं मनगट पकडलं होतं.

निवृत्तीकाका. पाराच्या मागे केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक.

"लावू नको," ते म्हणाले. "मासा नाई अन् मलम बी नाई. बिबा व्हय. मीनं लावला."

आमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांचा आवाज एवढा मोठा पहिल्यांदाच ऐकला. उकंडराव म्हणाले, "काऊन लावला बे?"

काका त्यांच्याकडे न बघता काकूशीच बोलत होते. "तू झोपली होती. बिबा सुईले टोचला, देवाच्या दिव्यावर धरला अन् कानामांगं ठिपका लावला. पोराइले लावते नं नजरेसाठी, तसा. तुले तं सारंच सोसते, मले वाटलं बिबाबी सोसन. तू झोपेत खाजोलं असन, हात तोंडाले लागला असन."

"नजर?" काकूने विचारलं. "मले? कोनाची नजर लागत होती मले?"

काकांनी खाली बघितलं. त्यांच्या पायाशी काही नव्हतं, तरी बघत राहिले.

"माह्यीच," ते म्हणाले. "आठ दिवसापासून पाहून राह्यलो होतो. काल तं उठाच वाटेना मले तिथून. लय साजरी दिसत होती तू. भेव वाटलं, माह्यीच लागन म्हनून."

पारावर कुणी हसलं नाही. माझ्या सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मला मलकापूरचा तो आरसा आठवला. सगळं गाव आयुष्यभर त्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतं, पण सगळे पुरळ शोधत होते.

उकंडरावांना राहवलं नाही. "मंग निकाल काय धराचा वहिनी? सोसलं का नाई सोसलं?"

रुपाली आणि संघपाल दोघेही तिच्याकडे बघत होते. काकूने त्यांच्याकडे वळूनही न बघता हात झटकला. "सोसलं. दोन्ही सोसलं. जा घरी." मग तिने बोटांवरचं मलम पदराला पुसलं आणि जो एक डोळा उघडत होता तो नवऱ्यावर रोखला.

"अन् आता?" ती म्हणाली. "आता कशी दिसून राह्यली?"

काकांनी वर बघितलं. बंद डोळा, फोड, वर उचललेला ओठ, तिळाचा वाळलेला लेप, सगळं त्यांनी सावकाश बघून घेतलं. घाई नव्हतीच त्यांना.

"बिबा आत्ताबी लावाच लागन," ते म्हणाले.

काकू एवढी हसली की ओठ फुटून रक्त आलं, तरी तिला हसणं काही थांबवता आलं नाही.