मस्कतचे पांढरे दात

मस्कतला मी कंपनीच्या बोटीवर खलाशी होतो. मुलीच्या लग्नासाठी सुट्टी मिळाली, तेव्हा सगळ्यात आधी मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो. दुखत काही नव्हतं. काळे दात पांढरे करून घ्यायचे होते.

काळे मिशेरीने झालेले. चिंचणीला आमच्या घरी बायको तव्यावर तंबाखू जाळायची, कुटून डब्यात भरायची. सकाळी आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून त्याच डब्यातली मिशेरी लावायचो. घरातलं काय बोलायचं ते तेव्हाच. मी भरल्या तोंडाने बोललो की ती म्हणायची, "अवो, आदी थुका, मंग बोला. माजं लुगडं काय तुमी धुनार?" आणि स्वतःच हसायची. काळेभोर दात दाखवत, तोंड उघडं टाकून. चार घरांपलीकडे ऐकू जायचं.

व्याही वीजकेंद्रात कारकून, राहायला कॉलनीत. मूळचे शिरगावचे, आमच्यासारखेच मासेमारीतले. पण मला वाटलं, आता ते साहेब झाले. त्यांच्यासमोर हे दात घेऊन कसं उभं राहायचं? डॉक्टर केरळचा होता. माझं तोंड बघून म्हणाला, "चाचा, ये दाँत हैं या डांबर?" आधी त्याने सगळं खरवडलं, मग कसलंसं औषध लावून वर दिवा धरला. तीन खेपा झाल्या. गार पाणी प्यालं की कळ मस्तकात जायची. पण आरशात बघितलं आणि छाती फुगली.

घरी आलो तर बायको दारातच. माझं तोंड बघितलं आणि हसत सुटली.

"अगो बाय! ह्ये कुनाचे लावून आले? पार बोंबील दिसता!"

शेजारणी पण हसल्या. मला राग आला. तिच्यासाठी आणलेला ब्रश आणि पेस्ट तिच्या हातात कोंबली आणि सगळ्यांदेखत बोललो, "उद्यापासून ह्ये वापर. आन लग्नात हसू नको. ते दात दिसले तर माजी इज्जत जाईल."

ती ते घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी पायरीवर एकटीच बसली होती. मी नळावर ब्रशने दात घासत होतो.

लग्नात तिने तोंडावर धरलेला पदर सोडलाच नाही. फोटोवाला ओरडून दमला, "मावशी, पदर काढा!" नाही काढला. बाजूला मी, सगळे दात दाखवत.

जेवणं झाल्यावर विहीण तिच्याजवळ येऊन बसली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाय, मिशेरी हाय का गं? सकालपासून तोंड कसंतरीच झालंय." बायकोने कमरेचा डबा काढून दिला. विहीण खळखळून हसली. तिचे दात माझ्या बायकोच्या दातांहून काळे. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं, पदर तसाच धरून.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, की काढ तो पदर, माझं चुकलं. नाही बोललो. सुट्टी संपली, परत गेलो.

काही वर्षांनी नोकरी सोडून कायमचा आलो. दात एव्हाना पिवळे पडलेच होते. मिशेरी सुरू केली, पायरीवर तिच्या शेजारी बसायला लागलो. ती डबा पुढे करायची, बोलायचीही. पण हसू आलं की हात पदराकडे जायचा. एकदा म्हटलं, "आता कुनाला लाजते?" म्हणाली, "लाजत नाय. सवय झाली."

मग ती तापाने गेली. दहाव्याला ठेवायला फोटो पाहिजे होता. मतदार कार्डावरचा नुसता काळा डाग. लग्नातला फोटो घेऊन बोईसरला स्टुडिओत गेलो.

"काका, तोंड झाकलंय. दुसरा नाही?"

"नाय."

"मग मी ब्रशने तोंड रंगवून देतो. छान हसरं तोंड करू."

"दात कसे काढशील?"

"कसे म्हणजे? पांढरे!"

मी फोटो त्याच्या हातातून घेतला. मग परत त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, आहे तसाच मोठा कर. तिचं तोंड मी झाकायला लावलं होतं. ते तू कसं उघडणार?