कोळशाची रेघ

शेजारच्या सुमनताईंच्या परसात शौचालयाची नवी सेप्टिक टाकी चार दिवस उघडी होती. गुडघे गेलेल्या सासूबाईंना गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक शौचालयापर्यंत काठी टेकत जावं लागे, म्हणून हा खटाटोप. पण अभियंत्याने तपासल्याशिवाय स्लॅब टाकायचा नाही, अशी ग्रामपंचायतीची अट होती.

गवंडी वैतागला. "ताई, टाकून देतो स्लॅब. आत कोण डोकावतंय?"

"साहेब नाही डोकावले, तरी मी डोकावते ना!"

सुमनताईंनी टाकी पाण्याने भरली आणि पातळीवर कोळशाने रेघ मारली.

जमिनीखाली जाणाऱ्या कामाचं कौतुक कोणी करत नाही. ते चोख आहे, हे सांगायची संधी एकदाच मिळते, झाकण्याआधी.

पाचव्या दिवशी अभियंता आला. त्याने जवळच्या विहिरीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, मग वाकून पाहिलं. पाणी रेघेवरच होतं.

"ही खूण कोणी शिकवली?"

"भोक पडलेल्या घागरीला डाग दिला की गळते का ते असंच बघतो आम्ही."

तो हसला आणि त्याने तपासणीच्या कागदावर सही करून शिक्का मारला. सुमनताईंनी तो कागद सासूबाईंच्या हातात ठेवला. "आई, झालं आपलं काम."

सासूबाईंनी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि गवंड्याला बजावलं, "स्लॅब उद्या टाक. नारळ मी फोडणार."