स्टँडवर सांडलेलं रक्त

मित्रांनो, आज सकाळी आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या स्टँडवर मी एकाचे दोन दात पाडले. कोणी व्हिडिओ टाकायच्या आधी माझं ऐका.

माझी बायको जी आहे, तिच्या बोन मॅरोत रक्तच बनत नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, जिमवाले खातात त्याच जातीच्या. त्यानं रक्त हळूहळू वाढून राह्यलं, पण ओठावर मिशी फुटली, आवाज घोगरा झाला. रक्त पुरेसं वाढेपर्यंत बाहेरून चढवावं लागते. आमचा दोघांचा रक्तगट एकच, आज मी देणार होतो, म्हणून आमी वाशिमले निघालो.

तेवढ्यात माझ्या कॉलेजच्या जुन्या वर्गातला एक जण ओरडला, "अबे, वहिनीची दाढी कोण करते, तू का न्हावी?"

मी त्याले एसटीच्या दारावर आपटलं. तोंड फुटेपर्यंत मारलं. त्याच्या दातानं माझी मूठ फाटली.

वाशिमच्या रक्तपेढीतल्या ताईनं हात पाहिला. "उघडी जखम आहे दादा. आज तुमचं रक्त घेता येत नाही."

बायको बाकावरून म्हणाली, "मिशीचं मले काही नाही रे. माह्यं रक्त तू स्टँडवर सांडून आला."

वाशिममध्ये बी निगेटिव्ह रक्तगटाचं कोणी आहे का? मले एकच माहीत आहे. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात माझ्या बाजूच्या खाटेवर होता. त्यालेच मी आज मारलं.

आता त्याले फोन कसा करू, सांगा.