गंधकचा पहिला ड्रमर

तासगावच्या नानासोला तुम्ही ओळखत नसाल, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. बेंजो पार्टीतल्या ड्रमवाल्याच्या तोंडाकडं बघतंय कोण? वरातीत लोक नवरदेव बघतात, नाचणारे मेहुणे बघतात, लईच झालं तर बेंजोवाल्याची बोटं बघतात. ड्रमवाला आपला घामानं निथळत मागून चालत असतो. हा बाबा दहा वर्षं असाच चालला. गळ्यात साइड ड्रम, हातात काड्या, आणि मनात एकच सल, की आपल्याला कवा तरी बसून वाजवायला मिळायला पाहिजे.

हसू नका. बसून वाजवणं म्हणजे खरा ड्रमसेट, पायाखाली मोठा ढोल, बाजूला झांजा, बुडाखाली स्टूल. ऑर्केस्ट्रात बघितला होता त्यानं. तेव्हापासून डोक्यात बसला होता.

पंच्याण्णव साली ते स्टूल त्याच्याकडं आपल्या पायानं चालत आलं. जयराज म्हणून एका द्राक्षबागायतदाराचा पोरगा सांगलीला इंजिनिअरिंगला होता. होस्टेलवर कुणाच्या तरी कॅसेटी ऐकून त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवणारा बँड काढायचा ठरवला. साधं मेटल म्हणजे नुसता दणदणाट. ह्यात दणदणाटाचंही गणित असतं. पाच मात्रा वाजवायच्या, मग सात, मग मधेच नऊ, आणि गाणं दहा मिनिटं संपत नाही. जयराज गिटार वाजवायचा, त्याचा दोस्त कपिल कीबोर्ड वाजवून गायचा. ड्रमसेट मिरजेतून जुना आणलेला. वाजवणारा मात्र नव्हता. जयराजच्या चुलत्याच्या लग्नात नानासोनं वाजवलेलं पोरानं ऐकलं होतं, त्यानं बोलावणं धाडलं.

तालीम जयराजच्या मळ्यात, बेदाण्याच्या शेडात. बेदाणा उन्हाळ्यात वाळतो, बाकीचं वर्ष जाळ्या मोकळ्या लोंबत असतात. धुरी दिलेल्या गंधकाचा वास मात्र बारा महिने जात नाही. पहिल्या दिवशी कपिलला ठसका लागला आणि तिथंच बँडचं बारसं झालं, ‘गंधक’. नानासोनं स्टूलवर बूड टेकलं, आणि घरी येऊन बायकोला, शालूबाईला सांगितलं, “आजपासनं मी चालत न्हाई. बसून वाजवतो.”

“बसून तर बसून,” ती म्हणाली. “भाकरी तरी बसून खावा आता.”

वर्षभर बरं चाललं. चार मात्रांची गाणी असली की नानासो शेडाचे पत्रे हादरवायचा. ड्रम आवळायची किल्ली त्याच्या खिशात, सेट तो मांडणार, तो काढणार, दुसऱ्या कुणी हात लावला तर डोळे वटारणार. पण जयराजनं एक गाणं बांधलं, ‘सातवा खांब’. शेडाला एका बाजूला सात खांब होते, त्यावरून. सगळं गाणं सात मात्रांचं. आणि इथं नानासोची गाडी चिखलात रुतली. दहा वर्षांची वरात हातात मुरलेली, सातव्यानंतर आठवा ठोका आपोआपच पडायचा. जयराज थांबवायचा. परत एकपासनं. परत आठवा. शंभरदा झालं असेल.

“नानासो, सातला थांबायचं.”

“थांबतो की मालक. हातच थांबत न्हाई.”

शहाण्णवच्या जूनमध्ये जयराजच्या होस्टेलवरचा बिराप्पा शेडात आला. म्हसवडकडचा धनगराचा पोरगा, उंच, काटकुळा, बोलायला कमी. गाणं ऐकायला म्हणून आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. ‘सातवा खांब’ सुरू झालं तसे त्याचे पाय हलायला लागले. नानासोचा आठवा पडला, गाणं मोडलं, तरी ह्याचे पाय चालूच. जयराज बघतच राहिला.

“तुला सात कळतं?”

“सात म्हंजे?” बिराप्पा म्हणाला. “मी काय मोजत न्हाई. आमच्यात गजी नाचत्यात तवा ढोलवाला आकडं मोजत न्हाई, म्होरल्या नाचणाऱ्याच्या पायाकडं बघतो. पाय जिथं पडंल तिथं ढोल.”

जयराजनं त्याला स्टूलवर बसवलं. नानासोला उठवून. “पाच मिनिटं, नानासो,” म्हणाला. बिराप्पानं आयुष्यात ड्रमसेटला हात लावला नव्हता, काड्यासुद्धा उलट्या धरल्या होत्या. पहिली दोन आवर्तनं चाचपडला. तिसऱ्याला सात बरोब्बर बसले. कपिलनं आनंदानं शिट्टी मारली, आणि त्या शिट्टीनं नानासोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती पाच मिनिटं संपलीच नाहीत. दोन महिन्यांत बिराप्पा सगळी गाणी वाजवायला लागला, आणि नानासो सेट मांडायला, तारा ओढायला, चहा सांगायला उरला. कुणी त्याला जा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या देऊन गेला असता. वर तो बिराप्पा इतका सरळ, की भांडायलाही जागा नाही. “दादा, हे असं का?” “दादा, पायाचा ढोल कसा मारायचा?” विचारून विचारून शिकायचा. नानासो अर्धं सांगायचा, अर्धं गिळायचा. ड्रम कसा आवळायचा ते कधीच सांगितलं नाही. किल्ली खिशातच.

घरी मात्र तोंडाचा पट्टा चालू. “मेंढरं वळायची सोडून ड्रम बडवायला आलंय! मी दहा वरीस घासली, आन् हे दोन म्हैन्यात गादीवर!”

शालूबाई पीठ मळत ऐकायची. “आवं, पोरगं चांगलं वाजवतं का न्हाई, तेवढं सांगा.”

“वाजवतं. लय चांगलं वाजवतं. त्योच तर ताप हाय!”

ऑगस्टात साताऱ्याला एका तरुण मंडळानं बँडच्या स्पर्धा ठेवल्या. जो बँड पहिला येईल त्याची कॅसेट काढून देणार. जयराजला दुसरं काही दिसेना. नानासोला मात्र एकच दिसत होतं. एकदा का कॅसेटीवर बिराप्पाचं नाव छापलं, की ते स्टूल जन्मात परत मिळत नाही.

दुपारच्या कार्यक्रमासाठी सकाळीच टेम्पो निघाला. नानासोनं आपला पार्टीतला साइड ड्रमही टाकला होता, दुसऱ्या दिवशी परस्पर एका वरातीला जायचं होतं म्हणून. कराडच्या पुढं भुरभुर सुरू झाली. ताडपत्री होती, तरी स्पर्धा होती त्या मंगल कार्यालयाच्या मागं सामान उतरवलं तेव्हा सगळ्याला ओल आली होती. बिराप्पानं स्नेअरवर काडी मारली. स्नेअर म्हणजे मधला कडक वाजणारा ड्रम, सगळं गाणं त्याच्यावर उभं. तो ‘भद’ वाजला.

वाजणारच. वाटेतल्या खड्ड्यांनी नट ढिले पडलेले. किल्लीचे चार पिळे दिले की काम झालं. नानासोला हे बघताक्षणी कळलं. त्याचा हात खिशात गेला, किल्लीला लागला, आणि तिथंच थांबला.

“दादा,” बिराप्पा म्हणाला, “कातडं भिजलंय जणू. आमी ढोल शेकतो तसं शेकू का जरा?”

कातडं! आता ह्या पोरानं कातड्याशिवाय दुसरं काही बघितलंच नव्हतं. गावाकडं ढोल सर्दावला की जाळावर धरायचा, नानासोच्या पार्टीतला हलगीवालाही वरातीआधी कागद पेटवून हलगी शेकायचा, तेही बिराप्पानं एका वरातीत बघितलेलं. ड्रमवर ताणलेलं पांढरं पान प्लास्टिकचं असतं हे त्याला कुणी सांगायला हवं होतं. ते सांगणारा माणूस समोर उभा होता.

“शेक की,” नानासो म्हणाला. “मंडळाच्या आचाऱ्याच्या चुलीवर जाळ हाय.”

बोलून झालं आणि तो तारा गुंडाळायला वळला. मनात म्हणाला, एक ड्रम जाईल, गाणं फसेल, पोरगं तोंड लपवून म्हसवडला जाईल. बस्स. एवढंच मागितलं होतं त्यानं. पण मागून आरडाओरडा झाला. प्लास्टिक आक्रसून मधोमध फाटलं होतं, पेटलं होतं, आणि बँडची वस्तू जळतेय म्हणून बिराप्पानं ती विझवायला उघडा उजवा हात घातला होता. वितळलेलं पान तळव्याला चिकटलं.

आचाऱ्यानं हात पाण्याच्या पिंपात घातला, जयराज मलम आणायला धावला, कपिल डोकं धरून बसला. बिराप्पा ओठ आवळून पाण्यातल्या हाताकडं बघत होता. असं नानासोला नको होतं, देवाशपथ नको होतं. पण त्याच वेळी पोटातून कुणीतरी म्हणत होतं, आता काडी कोण धरणार? आता स्टूलवर कोण?

“नानासो,” जयराज आला तो पांढराफटक. “तुझा साइड ड्रम स्नेअरच्या जागी लावू. तू बस.”

बसला. ज्यासाठी एवढं केलं ते मिळालं. समोर चारपाचशे माणसं, गाणं ‘सातवा खांब’. जयराजनं सुरुवात केली. एक, दोन, तीन... सात... आणि नानासोनं आठव्यासाठी काडी उचललीसुद्धा. तेवढ्यात स्टेजच्या कडेनं बिराप्पा आला. हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला. लोकांकडं पाठ करून तो ड्रमसमोर उभा राहिला आणि गजीच्या चालीवर पाय टाकायला लागला. नानासोकडं बघून नुसती मान हलवली, पायांकडं.

नानासोनं मोजणं सोडून दिलं. पाय पडेल तिथं काडी टाकत गेला. आठवा पडलाच नाही. पडायला जागाच नव्हती, तोवर बिराप्पाचा पुढचा पाय उचललेला असायचा. दहा मिनिटं तो पोरगा जळक्या हातानं नाचत राहिला आणि नानासो त्याच्या पायांच्या आधारानं वाजवत राहिला. लोकांना वाटलं हे सगळं बसवलेलंच आहे. मेटलच्या दणक्यात धनगरी नाच! कार्यालय डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि खरं सांगायचं तर एवढ्या गजरातही नानासोच्या मनात आलंच, की ह्या टाळ्या माझ्या काड्यांना का ह्याच्या पायांना? असा जळका जीव होता त्याचा.

‘गंधक’ पहिला आला. उत्कृष्ट वादक म्हणून नाव पुकारलं ते नानासोचं.

येताना टेम्पोच्या हौद्यात तो आणि बिराप्पा समोरासमोर. काडेपेटी काढायला नानासोनं खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर उडाली, खणकन बिराप्पाच्या पायाशी पडली. बिराप्पानं डाव्या हातानं उचलली. तिचं चौकोनी तोंड बघितलं, शेजारच्या ड्रमाच्या नटाला लावून बघितलं. बरोब्बर बसली. एक पिळा दिला, काडीनं टकटक केलं, आवाज चढलेला ऐकला. मग किल्ली नानासोच्या हातात ठेवली आणि ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत बसला.

आता हा पोरगा जयराजला उद्या सांगतो का परवा, ह्यात नानासोचे पंधरा दिवस गेले. जयराजचा निरोप आला की वाटायचं, सांगितलं पोरानं. पण निरोप असायचा तालमीचा. बिराप्पाचा हात भरत आला तरी जयराज म्हणाला, कॅसेटला नानासोच वाजवेल, बक्षीस त्याचं आहे. बिराप्पानंही मान हलवली. झालं, स्टूल पक्कं झालं. आणि तालमीला ‘सातवा खांब’ सुरू झालं तेव्हा आठवा ठोका पडला. परत पडला. जयराजनं थांबवलं.

“बिराप्पा,” नानासो म्हणाला, “जरा म्होरं उभा ऱ्हा की.”

बिराप्पा खांबापासून उठून पुढं आला. पाय टाकायला लागला. नानासो त्या पायांकडं बघत होता, आणि काडी काही उचलेना. थोड्या वेळानं तो स्टूलवरून उठला आणि खिशातली किल्ली काढून त्यानं बिराप्पाच्या पुढं धरली.

“घे. बस तू. आन् ध्यानात ठेव, ते कातडं न्हाई. प्लास्टिक हाय.”

“ठावं हाय,” बिराप्पा म्हणाला.

“कवापासनं?”

“हात भाजला तवापासनं.”

जयराज आणि कपिल एकमेकांकडं बघायला लागले. नानासो एक पाऊल पुढं आला. “मग तवाच का बोलला न्हाईस? शिवी द्यायची हुतीस. थोबाडीत मारायची हुतीस!”

“तुमी वाजवत हुता, दादा,” बिराप्पा म्हणाला. “मधी कसं बोलायचं?”

नानासो घरी आला तो चालत, चार मैल. शालूबाईनं तोंड बघूनच ओळखलं.

“दिलं का स्टूल?”

“दिलं.”

“चांगलं झालं. आता तरी जळायचं थांबंल.”

नानासो भिंतीला टेकून बसला, हातातल्या काड्यांकडं बघत. “न्हाई गं,” तो म्हणाला. “आदी त्याच्या हाताव जळत हुतो. आता त्याच्या मनाव जळतोय.”