साडूंचा हिमू आणि आंब्याची खोली

आंब्यातलं सगळं कळणारा आणि बाकी कशातलं काहीही न कळणारा असा मनुष्य आमच्या साडूंशिवाय मांडवीपासून लांज्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. देठाचा वास घेऊन हे आंबा कोणत्या कलमाचा ते सांगतात. पण घरात कुत्रा आणायचा ठरला, तेव्हा जिथे जानेवारीतही पंखा लागतो त्या रत्नागिरीत यांनी सेंट बर्नार्ड आणला! म्हणजे बर्फात हरवलेली माणसं हुडकून काढणारी जात. आमच्याकडे बर्फ असतो तो मासळीच्या पेट्यांत, आणि त्यात आजवर कोणी हरवल्याचं ऐकिवात नाही.

आला तेव्हा हिमू पायपुसण्याएवढा होता. दीड वर्षात त्याचा गादीसकट पलंग झाला. साडू रोज सकाळी त्याला विंचरायला बसत आणि उठत तेव्हा अंगणात केसांचा दुसरा हिमू तयार असे. केस आमटीत, केस सोलकढीत, केस देवाच्या गंधात. एकदा माझ्या मेहुणीने ताटातला केस उचलून दिव्यासमोर धरला आणि शांतपणे म्हणाली, "हा सुनेचा असता तर केवढं महाभारत केलं असतंत. याचा मात्र प्रसाद!" साडू म्हणाले, "तो काय मुद्दाम टाकतोय?" लाळेबद्दल मी लिहीत नाही. त्या घरी पांढरा लेंगा घालून जाणं सोडलं, एवढं पुरे. हिमूला साखळीला धरून किनाऱ्यावर फिरायला निघाले की साडूंच्या चपला मागे राहत आणि साडू ओढले जाऊन पुढे जात.

"अहो, थंड मुलखातलं जनावर हे. इथल्या उन्हात मरेल," मी शंभरदा सांगितलं.

"होईल सवय. कलमसुद्धा पहिल्या वर्षी रुसतं," साडू म्हणत. कुत्र्याला कलमाचे नियम लावणाऱ्याशी वाद काय घालणार!

मग मे महिना आला. लांज्याला एक लग्न होतं आणि आम्ही सगळे निघालो होतो. हिमूला ऊन लागू नये म्हणून साडूंनी त्याला आंब्याच्या खोलीत ठेवलं. जांभ्याच्या जाड भिंती, आत काळोख. वर खिडक्याही लावून घेतल्या. पाण्याची बादली ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन गाडीत बसले. त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अढी लावलेली होती, म्हणजे गवताच्या थरांत पिकायला घातलेले आंबे. अढीत हात घातला तर तापलेल्या माणसाच्या काखेत घातल्यासारखा वाटतो. "ऊब कोंडली पाहिजे, तरच आंबा पिकतो," हे व्याख्यान याच गृहस्थांनी मला दरवर्षी दिलेलं आहे.

जेवून परत आलो, दार उघडलं, तर आतून वाफ अंगावर आली. बादली उपडी, आणि हिमू आडवा. हाक मारली तरी शेपूट हललं नाही.

आम्ही दोघांनी त्याला ओढत विहिरीपाशी नेलं. गुरांचे डॉक्टर फोनवर सांगत होते, ओलं करा, वारा घाला. मी पाणी शेंदत होतो, मेहुणी ओतत होती आणि साडू लग्नाच्या रेशमी सदऱ्यात चिखलात बसून सुपाने वारा घालत होते. माझं भाषण तयार होतं. दीड वर्ष घोकलेलं होतं. तेवढ्यात साडू सूप न थांबवता म्हणाले, "पिकत घातला रे मी याला."

मी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

संध्याकाळी हिमू उठला, पाणी प्यायला आणि उरलेला सदराही त्याने लाळेने भिजवला. पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की पुढचा उन्हाळा याला इथे झेपायचा नाही. महाबळेश्वरला त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब मोठी कुत्री पाळतं, तिथे द्या. साडू दोन दिवस हिमूला विंचरत बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "गाडी काढ."

पहाटे निघालो. गाडी मी चालवत होतो. मागे हिमूचं डोकं मांडीवर घेऊन साडू दबून बसले होते. पोलादपूर सोडून घाट चढू लागलो, आणि बऱ्याच वर आल्यावर खिडकीतून गार वारा आला. हिमू उठला आणि नाक बाहेर काढून उभा राहिला. त्याची सतत चाललेली धाप थांबली.

"बघ रे," साडू हळूच म्हणाले, "तोंड मिटलंन. आमच्याकडे कधी मिटलं नव्हतंन."

मी मागे वळून बघितलं नाही. घाटात वळणंही फार होती.